काकींचं शुक्रवारचं पत्र

पेणला मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीण काकींनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं आणि मग एक कोरा कागद आणि बारीक ब्रश माझ्यापुढे सरकवला.

"रेघ मार," त्या म्हणाल्या.

"कसली?"

"कसली पण. हितनं तितपर्यंत."

मी मारली. मधेच ती जाड झाली आणि शेवटी उगाचच खाली वळली. काकींनी कागद हातभर लांब धरून बराच वेळ पाहिला. डिपॉझिटचा आकडा विचारतानासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

"मधी श्वास सोडलास गो," त्या म्हणाल्या. "असूं दे. सामान कधी आणतेस?"

एस.टी. स्टँडच्या मागच्या त्या घरात मी खाली राहायचे, काकी वर. जन्मानं गागोद्याकडच्या, भातशेतीवाल्या घरातल्या; लग्न होऊन पेणला आल्या आणि नवरा लवकर गेल्यावर गणपतीच्या कारखान्यात कामाला लागल्या. पेणमध्ये मूर्तींच्या कारखान्यांना तोटा नाही आणि त्यात माती मळणारे, साचे भरणारे, रंग मारणारे हातही पुष्कळ. शेवटी मूर्तीवर डोळे काढणारे मात्र मोजके असतात. त्या कामाला आखणी म्हणतात. काकींनी आयुष्यभर फक्त आखणी केली. श्वास रोखून एक पापणी काढायची, श्वास सोडायचा, मग दुसरी. त्या वेळी कुणी हाक मारली तर त्या उत्तर देत नसत, आणि पुढे दोन दिवसही देत नसत.

माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती डोळ्यांवरून. दूधवाल्याचं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तो 'डावी पापणी जड' होता. स्टँडवरचा एक कंट्रोलर 'बुबुळ वर' होता. मी कोण होते हे मी कधी विचारलं नाही. ऐकून घ्यायची हिंमत नव्हती.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय काकी कळणार नाहीत. मी तेव्हा घरी बसून एका कंपनीसाठी काम करायचे. जी मंडळी ईमेलवरून दर आठवड्याला पत्र पाठवतात, ज्याला न्यूजलेटर म्हणतात, त्यांच्या फुकट वाचकांना पैसे भरणारे वर्गणीदार कसं करायचं, हे आम्ही शिकवायचो. सोप्या भाषेत, चहाला आलेल्या पाहुण्याला जेवून, बिल चुकतं करून मगच जाऊ द्यायचं. या विद्येत मी बरीच पुढे गेले होते आणि मला त्याचा गर्व होता.

आणि माझ्या डोक्यावर, अक्षरशः वरच्या मजल्यावर, एक बाई राहत होती जी दर शुक्रवारी दोन हजारांच्या वर लोकांना पत्र पाठवत होती, एकाकडूनही पैसे न घेता.

पत्राची सुरुवात लॉकडाऊनमधली. परदेशात गेलेल्या मूर्तीचा हात दुखावला, सोंड तडकली, की लोक कारखान्याला ईमेल करायचे. मालकाला उत्तरं लिहायचा कंटाळा. त्यानं ते काम काकींवर ढकललं. काकींनी एकाला उत्तर लिहिलं, त्यानं ते दहांना पाठवलं, दहांनी काकींना लिहिलं. मग घरीच शाडूची मूर्ती करणारे लोक विचारू लागले. माती किती भिजवायची, पोटाला तडा का जातो, रंग का फुटतो. काकी आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायच्या आणि मग गुरुवारचा अख्खा दिवस एका बोटानं मोबाइलवर उतरवायच्या. गुरुवारी त्यांच्याकडे स्वयंपाक नसे. पोह्याचे पापड भाजायचे आणि कोरा चहा.

मी आले त्याच आठवड्यात त्यांनी माझा ईमेल पत्ता घेऊन मला यादीत घातलं. मी त्यांना यादी नीट लावून दिली. कोण पत्र उघडतं, कोण उघडत नाही, हे कुठे दिसतं तेही दाखवलं. आणि मग सल्ले द्यायला लागले.

पहिला सल्ला विषयाबद्दल. काकींच्या प्रत्येक पत्राचा विषय एकच असायचा : 'शुक्रवार'. मी म्हटलं, "काकी, विषय असा हवा की माणसाला उघडल्याशिवाय राहवणार नाही."

"एस.टी.च्या पाटीवर काय लिवलेलं असतं?"

"पेण-रोहा."

"मग? 'बसाल तर पस्तावणार नाय' असं लिवतात काय? ज्याला रोह्याला जायचं हाय तो चढतो."

मी आलेख उघडून दाखवला. पुढच्या पत्राचा विषयही 'शुक्रवार'च होता.

नवा माणूस यादीत आला की आमच्या शास्त्राप्रमाणे त्याला पाच पत्रांची माळ जाते. ओळख, स्तुती, सवलत वगैरे. काकींचं एकच जायचं आणि त्यात एकच प्रश्न असायचा : 'तुमच्या घरी गणपती किती दिवसांचा? कोण आणतं?' बस. लोक याला पानंच्या पानं उत्तर लिहायचे. दीड दिवसाचा, पण आजोबा गेल्यापासून भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. पाच दिवसांचा, आणतो मीच, पण इथं वाजवायला कुणी नाही. काकी प्रत्येकाला उत्तर द्यायच्या आणि एका वहीत टिपून ठेवायच्या : माणूस, गाव, मूर्तीची उंची, घरात काय चाललंय.

अक्षय्य तृतीयेला त्या यादी निवडायच्या, तांदूळ निवडावे तशा. गेल्या गणपतीपासून ज्यानं एकही पत्र उघडलं नाही त्याचं नाव काढून टाकायच्या. मी अक्षरशः हात धरला. आमच्याकडे यादीचा आकडा म्हणजे छातीवरचं पदक!

"सोड गो हात," काकी म्हणाल्या. "ज्याला नको त्याच्या दारात किती दिस उभं ऱ्हायचं? त्याला पण लाज, आपल्याला पण लाज."

आणि कुणी स्वतःहून नाव काढलंच तर त्याला दोन ओळी जायच्या : 'आलात, बरं वाटलं. दार लोटलेलंच आहे.' यातले कितीतरी लोक परत यायचे. आमच्या कंपनीत यासाठी वेगळा माणूस पगारावर ठेवलेला होता आणि त्याच्याकडून होत नव्हतं.

काकींचा मुलगा रोह्याला कंपनीत होता, शिफ्टमध्ये. सरळ माणूस. रोह्याला राहायला चल, तिथं लिफ्ट आहे, सून प्रेमळ आहे, दवाखाना जवळ आहे, हे तो काकींना दर महिन्याला येऊन सांगायचा. त्याचं चुकत नव्हतं. कारखान्यांनी आता डोळ्यांसाठी छापे आणले होते. काकींना फक्त शेवटच्या घाईच्या आठवड्यात बोलवायचे. पण काकी रोज सकाळी दोन-चार कारखान्यांतून फिरून यायच्या, कुणाचा हात कसा चाललाय ते बघायच्या, आणि तेच पत्रात उतरायचं. रोह्यात त्यांना कुंडलिका नदी दिसली असती, नातवंडं दिसली असती. ओल्या मातीचा वास आला नसता. पत्र सहा महिन्यांत आटलं असतं हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्या आषाढात मुलानं विषय तडीस नेला.

"आये, पन्नास पायऱ्या चढतेस तू कारखान्याच्या. कशासाठी? फुकटच्या पत्रासाठी! कुणी एक पैसा देतो काय त्याचा?"

"मागितला नाय कधी."

"मग माग. शंभर माणसांनी जरी वर्गणी भरली ना, तरी मी समजेन तुझं हितं काम हाय. पुन्यांदा नाव नाय काढणार. नायतर अनंत चतुर्दशीला टेम्पो आणतो."

काकींनी पापडाचा तुकडा मोडला. "आण," एवढंच म्हणाल्या.

म्हणजे सगळं असं होऊन बसलं : चतुर्दशीपर्यंत शंभर, नाहीतर पेण सुटणार. मला वाटलं, आता माझी विद्या कामी येणार. काकी राहाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. पण खोटं कशाला बोलू, मला त्यांना एकदा हरवायचंही होतं.

काकींनी पत्राच्या तळाला एक ओळ घातली : 'ज्यांना परवडेल त्यांनी वर्गणी भरावी. ज्यांना परवडत नाही त्यांनी वाचावं.' महिनाभरात वीस-बावीस जण आले. मी म्हटलं, "काकी, असं शंभर होत नसतात. पत्र अर्ध्यावर कापायचं. अगदी रंगात आलं की कापायचं, आणि लिहायचं, पुढचं वाचायला पैसे भरा. सगळे असंच करतात."

"मूर्तीचं काय काय झालं म्हणजे मूर्ती कारखान्याबाहेर जाते?"

"रंग झाला की."

"डोळे झाले की," काकी म्हणाल्या. "गिऱ्हाईक दारात उभं असलं, पैसे हातात घेऊन उभं असलं, तरी बिनडोळ्याची मूर्ती बाहेर देत नाय. आणि पैसे नसलेल्यालाही नाय देत. बिनडोळ्याची कुणालाच नाय."

विषय संपला. निदान त्यांच्यापुरता संपला.

त्या वर्षी चतुर्थी शनिवारी होती. आदल्या आठवड्यात काकींना कारखान्यातून बोलावणं आलं आणि त्या सकाळी जायच्या ते दिवेलागणीला यायच्या. गुरुवारी त्यांनी पत्र कसंबसं पुरं केलं आणि शुक्रवारी सकाळी मोबाइल माझ्या हातात दिला. "तूच पाठव गो आज. सगळं लिवलेलं हाय." वर्षभर ज्याची लोक वाट बघत होते ते पत्र होतं ते. भिजवण्यापासून रंगापर्यंत सगळं होऊन गेलेलं, आणि आता डोळे. घरी मूर्ती करणारे शेकडो लोक जगभर ब्रश धुऊन बसलेले.

मी पत्र वाचलं नाही. फक्त 'डोळे' हा शब्द शोधला, आणि त्याच्या बरोबर वर कापलं. खाली लिहिलं : पुढचं वाचण्यासाठी वर्गणी भरा.

दुपारपर्यंत अडतीस नवे वर्गणीदार. मी खोलीत एकटीनंच टाळ्या पिटल्या. संध्याकाळी काकी येऊन मोरीवर हात धूत होत्या, नखांत काळा रंग होता. मी आकडा सांगितला. त्यांनी काय केलंस म्हणून विचारलं. मी तेही सांगितलं, जरा ऐटीतच.

"ज्यांनी भरले नाय, त्यांच्याकडं कुठवर पोचलं?"

"डोळ्यांपर्यंत."

नळ चालूच होता. काकींनी तो बंद केला.

"उद्या गणपती बसायचे," त्या म्हणाल्या. "आंधळे बसतील."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुसले, पायरीवर बसल्या आणि उरलेलं पत्र, माझी मदत न घेता, एका बोटानं सगळ्यांना पाठवलं. वर लिहिलं : 'सकाळी पत्र अर्धं आलं. चूक माझी. ज्यांनी त्यासाठी पैसे भरले त्यांचे परत मिळतील.' आणि खाली : 'ज्यांनी माझी वाट न बघता डोळे काढून टाकले असतील त्यांनी फोटो पाठवा. मी बघेन. सुधारता येतं.'

मग मला अडतीस जणांचे पैसे परत करायला लावले. मी ते करत असताना त्या म्हणाल्या, "तुझी चूक नाय गो. ब्रश मी दुसऱ्याच्या हातात दिला." आजवर मी नोकरीत पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. हे वाक्य अजून टोचतं.

पहिला फोटो चतुर्थीच्या पहाटे आला. मग येतच राहिले. डोळेच डोळे! वटारलेले, झोपाळू, एक मोठा एक बारीक, एक तर चक्क रडवेला. काकी प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करायच्या, लांब धरायच्या, आणि लिहायच्या : 'उजव्या पापणीला वरून एक केसाएवढी रेघ द्या. श्वास रोखून.' 'बुबुळात पांढरा ठिपका राहिला. तो द्या, मग बघतील तुमच्याकडं.' दुपारी तोच माणूस सुधारलेला फोटो पाठवायचा. मी शेजारी बसून बघायचे. खोटं वाटेल, पण एका ठिपक्यानं मूर्ती खरंच बघायला लागायची. मी आयुष्यात इतकी थक्क कधी झाले नव्हते, आणि ज्या गोष्टीबद्दल वर्षभर त्याच छताखाली राहून मला काहीच माहीत नव्हतं तिनं थक्क झाले, याची लाजही वाटत होती.

त्यात इस्रायलहून एका बाईंचा फोटो आला. यांचे आजी-आजोबा रोह्याजवळच्या एका खेड्यातले, तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ज्यू. त्या बाई मूर्ती करत नव्हत्या. त्यांच्यात ते चालतच नाही. त्यांनी लिहिलं होतं : 'आईला आता दिसत नाही. दर शुक्रवारी तुमचं पत्र मी तिला मोठ्यानं वाचून दाखवते. घरात मराठी तेवढीच उरली आहे. तुम्ही डोळ्यांचे फोटो मागितलेत, माझ्याकडे हेच आहेत.' फोटो आईच्या डोळ्यांचा होता. म्हातारे, धुरकट, पण हसणारे.

काकींनी तो सगळ्यात जास्त वेळ बघितला. मग लिहिलं : 'डावी पापणी थोडी उतरली आहे. हात लावू नका. बरोबर आहे.'

दुसऱ्या दिवशी त्या बाईंची वर्गणी आली. कुणी मागितली नव्हती.

आणि मग रांगच लागली. लोक विचारू लागले, पुढच्या वर्षी आधीच बघाल का? मुलीला शिकवतोय, तिच्या रेघा बघाल का? याचं काय घेणार? काकी विचारात पडल्या. त्यांनी पापड भाजला, खाल्ला, आणि म्हणाल्या, "पत्राचं नाय घेणार. पत्र सगळ्यांना, पुरं. बघण्याचं घेईन. त्याला माझा दिस जातो." मी तसं लावून दिलं. ज्या अडतीस जणांचे पैसे परत केले होते त्यातले तीसएक पुन्हा आले. फुकट वाचकाला वर्गणीदार कसं करायचं हे शिकवण्याचा मी इतकी वर्षं पगार घेत होते. माणसाला आपलं कुणी बघितलेलं हवं असतं, एवढी साधी गोष्ट मला त्या घरात कळली.

अनंत चतुर्दशीला दुपारी मुलगा टेम्पो घेऊन आला. आकडा एकशे सतरा होता, पण काकी ते सांगायलासुद्धा उठल्या नाहीत. त्या कुणाच्या तरी गणपतीचा डावा डोळा बघत होत्या. मुलगा मागे उभा राहिला. पाच मिनिटं राहिला असेल. मग त्यानं हळूच मला विचारलं, "शंभर झाले व्हय?" मी मान डोलावली.

"आये, येतो गो," तो म्हणाला. त्याला उत्तर मिळालं नाही. काकींनी श्वास रोखला होता. त्यानं पापडाचं एक पुडकं उचललं आणि रिकामा टेम्पो रोह्याला परत गेला.

त्या संध्याकाळी मला भरून आलं होतं. मी वर गेले आणि म्हटलं, "काकी, माझी पण वर्गणी घ्या."

"तुझी नको."

"का?"

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मीच दाखवलेली यादी. कोण उघडतं, कोण उघडत नाही. माझं नाव. त्याच्यापुढे पत्रं चौसष्ट, उघडलेली शून्य.

मला कुठे बघावं कळेना. खाली, त्यांच्या खोलीच्या फरशीकडे बघत मी विचारलं, "मग अक्षय्य तृतीयेला माझं नाव का नाही काढलंत?"

"खालीच तर ऱ्हातेस," काकी म्हणाल्या. "म्हटलं, कवातरी उघडशील."

मी खाली आले. पहिल्या पत्रापासून सुरुवात केली. यादीत येणाऱ्या प्रत्येकाला जायचं ते, एका प्रश्नाचं. तुमच्या घरी गणपती किती दिवसांचा? कोण आणतं? सव्वा वर्ष ते तिथं उत्तराची वाट बघत बसलेलं होतं. मी लिहायला लागले. आमचा पाच दिवसांचा होता. बाबा आणायचे, सायकलवर, एका हातात मूर्ती धरून, आणि मला दुसऱ्या बाजूनं धावायला लावायचे. ते गेल्यावर आईनं बंद केला. मी तेव्हापासून कुठल्याच गणपतीकडे नीट बघितलेलं नाही, गणपतींच्या गावात राहूनसुद्धा. बरंच काय काय लिहिलं. पाठवलं आणि तोंड धुऊन आले.

वर काकींच्या मोबाइलची घंटी वाजलेली ऐकू आली. मग बराच वेळ काही नाही. एका बोटाला वेळ लागतो.

उत्तर तीन ओळींचं होतं.

'वाचलं. पुढच्या वर्षी आपण दोघी करू, डोळे तू काढ.

श्वास रोखून.

आता वर्गणी भर.'